पूर्णेतल्या शिंपल्यांची पिल्लं

अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामजवळ पूर्णा नदी लागते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला अभिषेक करायला कावडधारी भक्त पाणी भरून नेतात, ते इथूनच. त्या एका रात्री इथे पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतर मात्र घाट ओस पडतो. नदीचं पाणी उतरतं, काठचा गाळ उघडा होतो आणि त्यात अर्धवट रुतलेले शिंपले दिसू लागतात. त्या दिवसांत मी तिथे जातो. शिंपले आणि शंख हा माझा जुना नाद आहे. माझी पदवी वाणिज्य शाखेची आणि नोकरी हिशेबाची. प्राणिशास्त्र जेवढं आलं, तेवढं जुन्या पुस्तकांतून, मिळतील त्या शोधनिबंधांतून आणि नदीकाठी ओणवं बसून.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी हाताच्या पंजाएवढे शिंपले वाळूवर ओळीने मांडले होते. मोजत होतो, वहीत टिपत होतो आणि मनातून खूश होतो. एवढे मोठे, जिवंत शिंपले आहेत म्हणजे नदी अजून बरी आहे, असं एक वाक्यही वहीत लिहून झालं होतं. जाळं वाळत घालणारे एक म्हातारे भोई बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमी त मोठमोठे येचून ठेवले. पन याइचे पोट्टे कुठं हायेत?"

मी म्हणालो, "लहान असतील गाळात, काका. दिसत नसतील."

"पयले दिसे. नखायेवढे दिसे. चाळनीत येत." मग थोडं थांबून ते म्हणाले, "ज्या घरात निरे म्हातारेच रायतेत, त्या घराले भरलेलं घर म्हनतेत काय?"

त्या दिवशी दुपारपर्यंत मी पिठाच्या चाळणीतून गाळ धुतला. नखाएवढा एकही शिंपला हाती लागला नाही. वहीतलं ते वाक्य मी खोडलं. हा लेख त्या भोईकाकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. उत्तराचे धागे अनेक आहेत. त्यातला एक फारसा बोलला जात नाही. तो धातूंचा, म्हणजे तांबं, शिसं, जस्त आणि कॅडमियम यांचा.

शिंपला आणि शंख

वऱ्हाडातल्या नद्या-तलावांत जो मोठा, लांबट, बाहेरून काळपट आणि आतून मोतिया चमक असलेला शिंपला सापडतो, त्याचं शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ साली त्याचं वर्णन केलं. त्याचाच भाऊबंद लॅमेलिडेन्स कोरिअॅनस आणि त्यांच्याहून आखूड, कवचावर सुरकुत्या असलेला पॅरेसिया कोरुगाटा हेही आपल्याकडे आहेत. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने गोड्या पाण्यात मोती पिकवण्याचं तंत्र बसवलं, ते याच तीन जातींवर. ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं, त्यांना शिंपला वेगळ्याच कारणाने आठवेल. दगडावर घासून त्याच्या पाठीला भोक पाडायचं आणि त्या धारेने कैरी सोलायची.

शंखांमध्ये सगळ्यांत जास्त दिसतो तो बेलामिया बेंगालेन्सिस. हिरवट-तपकिरी, अंगावर गडद पट्टे आणि तोंडाला झाकण. याची मादी अंडी घालत नाही, कवचासकट पिल्लं जन्माला घालते. पातळ, अणकुचीदार कवचाचा लिम्निया शेतातल्या डबक्यात, कालव्याच्या भिंतीवर असतो. मळसूत्रासारखा लांबट, बारीक मेलॅनॉइड्स अगदी घाण पाण्यातही तग धरतो.

यातलं काहीही दुर्मीळ नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस 'चिंता नको' या रकान्यात आहे. वाघ दिसेनासा झाला तर बातमी होते. जो सगळीकडे आहे असं आपण धरून चालतो, तो एकेका डोहातून गेला तरी कुणाला कळत नाही.

शिंपल्याचा जन्म मोठा नाजूक असतो. नराचं बीज पाण्यात सुटतं आणि श्वासाच्या पाण्याबरोबर मादीच्या शरीरात जातं. मादीचे कल्ले हाच गर्भाशय. तिथे वाढलेल्या हजारो सूक्ष्म अळ्या बाहेर सोडल्या जातात. या अळीला ग्लोकिडियम म्हणतात. तिला इवलीशी दोन झापडं असतात. थोड्याच वेळात तिला एखाद्या माशाचा कल्ला किंवा पर पकडता आला पाहिजे, नाहीतर ती संपली. माशाच्या अंगावर काही दिवस परजीवी म्हणून काढले की तिचं शिंपल्यात रूपांतर होतं आणि ती गळून तळाशी पडते. पुढचे कित्येक महिने हे पिल्लू गाळातच गाडलेलं राहतं. इवल्या पायाने गाळातले कण तोंडाकडे ओढून जगतं. मोठा झाल्यावर मात्र शिंपला पाणी गाळून खातो. मोठा शिंपला दिवसाकाठी काही डझन लिटर पाणी गाळू शकतो.

या आयुष्यातली दोन वळणं लक्षात ठेवावीत. एक, उघड्या पाण्यात भिरभिरणारी अळी. दुसरं, गाळात तोंड घालून खाणारं पिल्लू. धातूंचा घाव नेमका या दोन ठिकाणी बसतो.

तांब्यातलं पाणी

आपल्याकडे रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून सकाळी ते पिण्याची पद्धत आहे. तिच्यात तथ्य आहे. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं, तर ते जंतू उरले नाहीत. त्या पाण्यात उतरलेलं तांबं होतं लिटरमागे सुमारे १७७ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरमागे २,००० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे माणसाला या पाण्याचा काही धोका नाही.

आता हेच पाणी शिंपल्याच्या अळीपुढे ठेवू. अमेरिकेत २००५ नंतर तिथल्या शिंपल्यांच्या अळ्यांवर आणि कोवळ्या पिल्लांवर पद्धतशीर चाचण्या झाल्या. अनेक जातींत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी तांब्याने निम्मी पिल्लं एक ते चार दिवसांत निकामी झाली. म्हणजे आपण आरोग्यासाठी पितो, ते पाणी शिंपल्याच्या बाळाला विष आहे.

असं का व्हावं? गोड्या पाण्यातल्या प्राण्याची रोजची लढाई मिठाची असते. त्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी. त्यामुळे शरीरातले क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि कल्ल्यांमधले विशिष्ट प्रथिनांचे पंप पाण्यातून सोडियम ओढून ती तूट भरून काढत असतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं रक्त मुळातच फार पातळ, क्षारांची शिल्लक अगदी थोडी. तांबं नेमकं त्या पंपाला चिकटतं आणि पंप बंद पाडतं. ज्याच्या घरात आठ दिवसांचाच दाणा आहे, त्याचा रस्ता अडवावा, तसं हे आहे.

शिसं आणि कॅडमियम यांची तऱ्हा वेगळी. ते कॅल्शियमची नक्कल करतात. शंख-शिंपल्यांचं कवच चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं. त्यासाठी त्यांना पाण्यातून कॅल्शियम ओढून घ्यावं लागतं. त्याच दाराने हे तोतये आत शिरतात आणि खऱ्या कॅल्शियमची वाट अडवतात. आपल्या लिम्नियाची युरोपातली बहीण लिम्निया स्टॅग्नॅलिस. तिच्यावर मायामी विद्यापीठातले मार्टिन ग्रोसेल आणि त्यांचे सहकारी यांनी काम केलं. २००६ साली त्यांनी दाखवलं, की लिटरमागे ४ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी शिशाने या शंखाची वाढ खुंटते. कारणही त्यांनी पुढे शोधलं. हा शंख झपाट्याने वाढतो, म्हणून त्याची कॅल्शियमची भूक प्रचंड, आणि म्हणूनच त्याला शिसं इतकं बाधतं. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ सालच्या मानकात पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. ज्या पाण्याला आपण पिण्यायोग्य म्हणतो, त्यात एक शंख मोठा होऊ शकत नाही.

बेलामियाची मादी तर पोटातल्या पिल्लांनाही कवच पुरवते. तिला कॅल्शियम दोघांसाठी लागतं. शिंपल्याची आईसुद्धा कल्ल्यांत कॅल्शियमचे बारीक कण साठवते. ज्या जातींवर अभ्यास झाला आहे, त्यांत हा साठा अळ्यांच्या कवचासाठी वापरला जातो असं दिसलं आहे. धातूचा भार आईवर आला, की त्याचा फटका पिल्लापर्यंत पोहोचतो तो असा.

म्हातारे का टिकतात?

मग मोठे शिंपले कसे जगतात? सरळ कारण म्हणजे ते दार लावून बसतात. पाण्यात काही तिखट आलं, की शिंपला झापडं घट्ट मिटून घेतो आणि कित्येक तास, प्रसंगी काही दिवस तसाच राहतो. अळीला आणि कोवळ्या पिल्लाला हे जमत नाही. शिवाय मोठ्या शिंपल्याकडे धातू बांधून ठेवायची सोय असते. मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन कॅडमियम, तांबं, जस्त यांना पकडून ठेवतं. कल्ल्यांतले कॅल्शियमचे कणही काही धातू स्वतःत मुरवून घेतात. विष अंगात असतं, पण कुलपात. त्याची किंमत शिंपला वाढीतून आणि प्रजननातून मोजतो. जी ताकद कवच वाढवायला आणि अळ्या पोसायला लागायची, ती कुलूप सांभाळण्यात जाते.

मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळांनी गेली काही दशकं लॅमेलिडेन्सवर धातूंचे प्रयोग केले आहेत. त्यांतून शिंपल्याचा श्वास मंदावणं, शरीरातलं ग्लायकोजेन आणि प्रथिनं घटणं, कल्ल्यांच्या पेशी झिजणं असे परिणाम नीट नोंदले गेले. तुटपुंज्या साधनांत झालेलं हे काम मोलाचं आहे. पण त्यातले बरेच प्रयोग मोठ्या शिंपल्यांवर, २४ ते ९६ तासांचे आहेत. दार लावून चार दिवस बसू शकणाऱ्या प्राण्याची चार दिवसांची परीक्षा घेतली, तर तो खरा आहे त्याहून कणखर वाटणार. माझ्या वहीतलं ते खोडलेलं वाक्य याच चुकीतून आलं होतं. मीही दार लावून बसलेल्या म्हाताऱ्यांनाच मोजत होतो.

वऱ्हाडात धातू येतात कुठून?

वऱ्हाडात धातू वितळवणारे मोठे कारखाने नाहीत. म्हणून इथे धातूंचं प्रदूषण कसलं, असं कुणीही विचारेल. उत्तरासाठी संत्र्याच्या बागेत जावं लागेल.

वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हा संत्र्याचा पट्टा. संत्र्याच्या झाडाचा मोठा वैरी म्हणजे डिंक्या. फायटोप्थोरा नावाची बुरशी बुंध्याला लागते, सालीतून डिंक वाहतो आणि झाड वाळत जातं. त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे बोर्डो. फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळच्या द्राक्षमळ्यांत रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला आलं आणि १८८५ साली त्याने हे मिश्रण जगापुढे मांडलं. आज आपला बागाईतदार एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असा मलम करून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला लावतो. फवारणीसाठी तेच १०० लिटर पाण्यात करतो.

मोरचुदाच्या वजनात सुमारे चौथा हिस्सा तांबं असतं. एका किलोत २५० ग्रॅम. हिशेबाचा माणूस म्हणून मी गणित मांडून पाहिलं. २५० ग्रॅम तांबं पाण्यात पूर्ण विरघळलं, तर ५० लाख लिटर पाण्यात ते लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचवू शकतं. एवढ्याने शिंपल्याच्या कोवळ्या पिल्लांचं काय होतं, ते वर पाहिलंच. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण बहुतेक तांबं झाडाच्या सालीला आणि काळ्या मातीला धरून राहतं. पण तांबं कुजत नाही की विरत नाही. ते वर्षानुवर्षं मातीत साचतं आणि माती धुपली की तिच्याबरोबर नाल्याला लागतं. वरूड-मोर्शीकडचं पाणी वर्धेला मिळतं, अचलपूर-चांदूर बाजारकडचं पूर्णेला. फवारणीचा पंप आणि ड्रम नाल्यावर धुतला जातो, तेव्हा तर मातीची मध्यस्थीही राहत नाही. इजिप्तमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोगवाहक शंख मारायला कालव्यांत मोरचूदच टाकत असत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

दुसरी वाट श्रद्धेची. पारंपरिक शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड. मारुतीला, ग्रामदेवतेला चढवलेल्या शेंदराचा थर खरवडून तो नदीत सोडण्याची रीत आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींच्या रासायनिक रंगांत शिसं, कॅडमियम, क्रोमियमसारखे धातू असू शकतात. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनासाठी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. तिसरी वाट शहराच्या गटारांची. जस्ताचे पत्रे आणि नळ, गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी, भांड्यांना मुलामा देणारी छोटी दुकानं, टायरांची झीज. चौथी वाट खतं आणि राख यांची. स्फुरदयुक्त खतांत अंशरूपाने कॅडमियम असतं आणि दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिकसह अनेक धातू.

यातली कुठलीही वाट एकटी मोठी नाही. पण आपल्या नद्यांचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. पर्यावरण संरक्षण नियमांत सांडपाणी नदीत सोडताना तांब्याची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम आहे. पुढे नदीच्या पाण्यात ते पातळ होईल, असा त्यामागचा हिशेब. मोर्णेत किंवा पेढीत फेब्रुवारीनंतर पातळ करायला पाणी असतं कुठे? उन्हाळ्यात शहराखालच्या पात्रात जे वाहतं, ते बहुतांश गटाराचंच असतं.

बाटलीत न येणारं

इथे कुणी म्हणेल, नदीचं पाणी तपासलं तर त्यात धातू फारसे सापडत नाहीत. ते खरं असू शकतं. आपलं पाणी बेसॉल्टच्या काळ्या खडकातून येतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. जड पाण्यातलं खरं कॅल्शियम कल्ल्यांवरच्या जागा आधीच अडवतं आणि तोतयांना जागा कमी मिळते. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अर्कही तांब्याला बांधून ठेवतो. म्हणून एवढंच तांबं एका नदीत घातक आणि दुसरीत सौम्य ठरतं. अमेरिकेने २००७ साली तांब्याचे निकष बदलताना हीच गोष्ट हिशेबात धरली. खारपाणपट्ट्यात पाणी अल्कधर्मी असल्याने धातू पाण्यात विरघळून राहण्याऐवजी कणांना चिकटून तळाशी बसतात. पाणी स्वच्छ दिसतं, बाटलीत भरलेला नमुना पास होतो.

पण शिंपल्याचं पिल्लू बाटलीत राहत नाही, गाळात राहतं. गाळच खातं. उन्हाळ्यात पात्र आटलं की प्राणवायूविना काळ्या पडलेल्या गाळात गंधकाशी बांधलेले धातू हवेला उघडे पडतात आणि त्यांची बंधनं सैल होतात. मृगाचा पहिला लोंढा तो सगळा गाळ ढवळतो. नमुना कधी आणि कुठून घेतला, यावर उत्तर ठरतं.

अकोल्यात जानेवारी २०१८ मध्ये मोर्णा स्वच्छतेसाठी हजारो माणसं पात्रात उतरली. जलकुंभी हातांनी ओढून काढली. मीही त्यात होतो आणि तो दिवस मला अजून चांगला आठवतो. नंतर वाचनात आलं, की जलकुंभी पाण्यातले धातू मुळांत शोषून घेते. ती काठावरच कुजू दिली, तर ते धातू पावसाबरोबर पुन्हा नदीत जातात. उचलून दूर नेली, तर तेवढा भार खरोखर कमी होतो. डोळ्यांना दिसणारी घाण काढल्यावर न दिसणारीचं काय झालं, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

तो प्रश्न आपले निकष विचारत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. त्यातला 'डी' वर्ग वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठी. त्यात तीन अटी आहेत. सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम. धातूचा उल्लेख नाही. पिण्याच्या पाण्यात माणसासाठी धातूंची मोठी यादी आहे, पण नदीतल्या जिवांसाठी एकही धातू नाही. शिंपल्यांचा विचार करून नियम बदलता येतात. अमेरिकेने २०१३ साली अमोनियाचे निकष कडक केले, ते गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवरच्या चाचण्या हाती आल्यावरच.

सगळा दोष धातूंचा नाही

रेतीउपशाने शिंपल्यांचं अंथरुणच उचललं जातं. बंधाऱ्यांमुळे मासे वर-खाली जाऊ शकत नाहीत आणि माशांशिवाय अळीला आसरा नाही. गटाराच्या पाण्याने प्राणवायू संपतो. युरोपातल्या गोड्या पाण्याच्या मोतीशिंपल्याचं आयुष्य शंभर वर्षांहून जास्त असतं. तिथल्या कित्येक नद्यांत कित्येक दशकं नवं पिल्लू वाढलेलं नाही आणि त्याचं मुख्य कारण गाळाने बुजलेला तळ मानलं जातं. म्हणून पूर्णेत पिल्लं दिसली नाहीत एवढ्यावरून मी मोरचुदावर फिर्याद लावणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की या आरोपींच्या रांगेत धातूंनाही उभं केलं पाहिजे. आज ते रांगेतच नाहीत.

आणि हे केवळ शिंपल्यांपुरतं नाही. मोठे शंख खाणारा मुग्धबलाक, शिंपले खाणारी काही गरीब कुटुंबं आणि हे दोन्ही खाणारे मासे, त्या कुलपातला धातू पुढे कुणाच्या तरी ताटात जातोच. याच गुणामुळे शिंपला पहारेकरीही होऊ शकतो. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली समुद्रकिनाऱ्यांवरच्या शिंपल्यांवरून प्रदूषणाची पाळत ठेवण्याची कल्पना मांडली आणि ती अनेक देशांनी उचलली. पाण्याची बाटली एका क्षणाची साक्ष देते. शिंपल्याचं मांस काही महिन्यांची आणि कवचावरच्या वाढीच्या रेघा काही वर्षांची.

चाळणी आणि मोजपट्टी

यातलं बरंचसं काम महागड्या यंत्राशिवाय सुरू होऊ शकतं. दिवाळीनंतर नदी उतरली की एका ठरलेल्या जागी, ठरलेला वेळ शिंपले शोधायचे, प्रत्येकाची लांबी मोजायची आणि त्यांना त्याच जागी परत ठेवायचं. पिल्लांसाठी गाळ चाळणीतून धुवायचा. लांबीप्रमाणे नोंदी मांडल्या, की लहान-मोठे सगळे आहेत का, की निव्वळ म्हातारेच उरलेत, ते पहिल्याच वर्षी दिसू लागतं. नदीकाठच्या शाळांना हे सहज जमेल. ज्या डोहात पिल्लं नाहीत, तिथला गाळ आणि एखाद-दुसरा शिंपला धातूंच्या तपासणीसाठी महाविद्यालयाकडे न्यावा. अमरावती-अकोल्याच्या प्राणिशास्त्र विभागांना माझी एकच विनंती आहे. पुढचा प्रयोग मोठ्या शिंपल्यावर चार दिवस करण्याऐवजी आपल्या लॅमेलिडेन्सच्या अळ्यांवर आणि पिल्लांवर करावा, तोही आपल्याच नदीच्या पाण्यात.

बागाईतदाराला दोष देऊन काही साधणार नाही. डिंक्याने बाग वाळते तेव्हा त्याचं वर्ष जातं. पण रंगपूर लिंबाच्या खुंटावर आणि जमिनीपासून उंचावर बांधलेली कलमं, बुंध्याशी पाणी न साचू देणारी मांडणी आणि ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी यांनी मोरचुदाची गरज कमी होते. आणि पंप-ड्रम नाल्यावर धुण्याऐवजी धुऱ्याच्या आत, बागेतच धुवावा. त्याला खर्च काही नाही.

मागच्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ओढ्यात, बागांच्या वरच्या अंगाला, मी पुन्हा तीच पिठाची चाळणी घेऊन बसलो. तिसऱ्या चाळणीला अंगठ्याच्या नखाएवढा, जवळजवळ पारदर्शक शिंपला तळाशी राहिला. एका शिंपल्याने काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. मी त्याची लांबी वहीत टिपली, त्याला वाळूत परत ठेवलं आणि उतरत्या उन्हात गांधीग्रामच्या वाटेला लागलो. भोईकाकांना सांगायचं होतं.